दोन बाळासो आणि एक लिस्ट बॉक्स

एप्रिल 2024 मध्ये, ऐन हंगामात, आमच्या दुकानातून 41,300 रुपये एका बाळासो पाटलांऐवजी दुसऱ्याच बाळासो पाटलांच्या खात्यावर गेले. गाव एक, आडनाव एक, वडिलांचं नावसुद्धा एक. शीटमध्ये दोघं एकाखाली एक बसले होते आणि मी वरच्याचा खाते नंबर उचलला. ज्यांना चुकून मिळाले ते तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन परत देऊन गेले. पण ज्यांचे अडकले त्यांच्या घरात त्याच आठवड्यात लग्न होतं. ते काही बोलले नाहीत. गादीवर बसून चहा घेतला, पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) दोनदा वाचली आणि गेले. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दुपारपर्यंत हिशेब बघते. बी.कॉम. आहे, आणि कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर कॉलेजात असताना केलेलं एमएस-सीआयटी. प्रोग्रामिंगचा गंध नाही. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये मी एक फॉर्म उभा केला, ज्यात शेतकऱ्याचं नाव टाइप करावं लागत नाही, यादीतून निवडायचं असतं. शीटमधली नावं त्या यादीत आणायला मला सहा आठवडे लागले. त्यातला कॉम्प्युटरचा भाग जेमतेम आठ-दहा दिवसांचा. बाकीचे दिवस कुठे गेले ते पुढे येईलच.

आधी परिस्थिती सांगते. शेतकऱ्यांची यादी एका शीटमध्ये, 2017 पासूनची. त्याआधीच्या खतावण्या आमच्या दिवाणजीकाकांकडे गावभागातल्या घरी होत्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या गेल्या. पट्ट्या दुसऱ्या शीटमध्ये, आणि प्रत्येक पट्टीवर नाव, गाव पुन्हा टाइप करायचं. सौदा झाला की पाच-सहा शेतकरी एकदम गादीपाशी येतात, हमाल थप्पी मोजत ओरडत असतात, आणि कीबोर्डवर हळदीचा थर. अशा वेळी जसं बोटाला येईल तसं नाव पडतं. एकटं कवठेमहांकाळ मला नऊ प्रकारांनी लिहिलेलं सापडलं. जोडून, तोडून, ‘क. महांकाळ’, ‘कवठेमंकाळ’, एका ठिकाणी नुसतंच ‘कवठे’. आता मिरज तालुक्यात कवठेपिरान आहे, तासगाव तालुक्यात कवठेएकंद आहे. नुसतं कवठे म्हणजे कुठलं?

एका सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं होतं. 18,000 रुपये आणि वर नंतर दरवर्षी 4,000. मालक म्हणाले, “हंगाम झाल्यावर बघू.” मालकांचं ‘बघू’ मला बारा वर्षांत पाठ झालंय. दुकानातल्या मशीनवर लिब्रेऑफिस आहे, फुकटचं. सगळे त्याला एक्सेलच म्हणतात, मीही म्हणते. त्यातच ‘बेस’ नावाचा डेटाबेसचा भाग असतो, तो आजवर कुणी उघडला नव्हता.

6 जानेवारी, सोमवार. बेस उघडला तर पहिल्याच पावलाला अडलं: त्याला लागणारा जावा नावाचा प्रोग्राम मशीनवर नाही म्हणे. जावा उतरवून घेतलं, तरी तोच निरोप. पुढच्या दिवशी दुपारी कळलं की माझं लिब्रेऑफिस 64 बिटचं आणि मी घेतलेलं जावा 32 बिटचं. दोन्ही एकाच जातीचं लागतं. बरोबर ते घातल्यावर टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली ते दिसायला लागलं, तिथे खूण केली, ऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. दोन दिवस यात गेले. तुम्ही हे करणार असाल तर पहिल्यांदा एवढंच तपासा, बाकी सगळं नंतर.

8 तारखेला मला वाटलं की झालंच काम. नवा डेटाबेस करताना बेस विचारतो, नवीन करायचा की आधीच्या एखाद्या फाइलला जोडायचा. दुसरा पर्याय घेतला, ‘स्प्रेडशीट’ निवडलं, यादीची फाइल दाखवली. दोन क्लिकमध्ये माझं शीट टेबल होऊन समोर. पहिल्या ओळीतली शीर्षकं रकान्यांची नावं झाली. काकांना बोलावून दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, यादी खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, “ताई, हे एकूण कोण? कुठल्या गावचे?”

शीटच्या तळाशी बेरजेची ओळ होती. बेसला काय माहीत, त्याने ‘एकूण’ नावाचा शेतकरी धरला.

ते पुसायला गेले तर पुसता येईना. नवं नाव घालता येईना. तासभर मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. स्प्रेडशीटला थेट जोडलेला डेटाबेस फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. बदल करायचे तर मूळ शीट उघडून तिथेच करायचे. आणि अशा जोडलेल्या फाइलमध्ये आपली पट्ट्यांची नवी टेबलं ठेवता येत नाहीत, कारण बेसची एक फाइल एकाच ठिकाणाशी बांधलेली असते. नुसती यादी बघायची, छापायची असेल तर ही पद्धत छान. मला पट्टी लिहायची होती. म्हणजे नवा, स्वतंत्र डेटाबेस करायचा आणि शीटमधली नावं त्यात कायमची उतरवून घ्यायची.

तेव्हाच लिस्ट बॉक्स आणि कॉम्बो बॉक्स, म्हणजे फॉर्मवर यादी दाखवणाऱ्या दोन प्रकारच्या चौकटी, यांतला फरक समजून घेतला. दिसायला जुळे भाऊ. कॉम्बो बॉक्समध्ये यादीतून निवडता येतं, पण हवं ते टाइपही करता येतं, आणि जे दिसतं तेच अक्षरशः साठतं. लिस्ट बॉक्समध्ये दिसतं नाव, पण पट्टीच्या टेबलात साठतो त्या शेतकऱ्याचा क्रमांक. टाइप करून काहीबाही घालायची सोय नाही. मला तीच गैरसोय हवी होती. दोन बाळासोंचे दोन क्रमांक असले की नाव कितीही सारखं असो, कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन माणसं.

पण क्रमांक द्यायचा तर आधी माणसं किती ते ठरायला हवं.

शीटमध्ये 1,846 ओळी होत्या. 10 जानेवारीला सगळी यादी छापून घेतली, 62 पानं, झेरॉक्सच्या दुकानात पानाला 2 रुपयांनी 124. काका आणि मी रोज सकाळी साडेनऊ ते अकरा, सौदे सुरू व्हायच्या आधी, मध्ये भडंगाचा कागद ठेवून बसायचो. मी नाव वाचायची, काका डोळे मिटून सांगायचे.

“अण्णासो, पलूसचे.”

“ते आणि वर तिसऱ्या पानावरचे आण्णासाहेब एकच. कानाला मोठं काळं चामखीळ आहे ते.”

“बाळू पाटील.”

“बाळू कोण म्हणतं त्यांना? पोरानं लिहिलं असंल कुणीतरी. बाळासोच ते. वरच्या आळीतले.”

काकांना एकही खाते नंबर पाठ नाही. पण कोणाची हळद पॉलिशला कमी पडते, कोणाच्या पोत्यात माती येते, कोण अथणीकडून भाड्याच्या टेम्पोतून येतो आणि कोण स्वतःच्या, हे सगळं पाठ. अदलाबदल झालेल्या त्या दोन बाळासोंचं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळेना. “त्यात काय घोटाळा? एक विहिरीकडचे आणि एक देवळामागचे.” हे त्यांच्या डोक्यात चाळीस वर्षं होतं. आमच्या शीटमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी त्या दिवशी घातला: ‘ओळख’. अख्ख्या कामातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी रकाना हाच, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याने मला सुचवला नसता.

काही गोष्टी काकांनाही दिसत नव्हत्या, कारण त्या डोळ्यांना दिसणाऱ्याच नव्हत्या. ‘ज्ञानेश्वर’ दोनदा, अक्षर न् अक्षर सारखं, तरी मोजणीच्या सूत्रात वेगळं येत होतं. शेवटी अक्षरं मोजणारं ‘लेन’ सूत्र लावलं. एकात 10, दुसऱ्यात 11. ‘श्व’च्या पोटात एक न दिसणारं जोडचिन्ह लपलेलं, वेगळ्या कीबोर्डवरून आलेलं. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध अक्षर वेगळं आणि ‘अ’वर चंद्र ठेवून केलेलं वेगळं. नावाच्या मागे राहिलेली मोकळी जागा हा त्याहून साधा रोग, ती ‘ट्रिम’ सूत्राने जाते. आणि 2017-18 मधल्या 214 ओळी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो फॉन्ट आता मशीनवर नाही, त्यामुळे नावांच्या जागी नुसती किडेमुंगी. रूपांतर करायच्या भानगडीत न पडता मी जुन्या छापील पट्ट्या काढून त्या हातानेच पुन्हा टाइप केल्या. चार दुपारी गेल्या. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेल्या जावेने विचारलं, “अजून दुकानात? आज तरी?”

31 जानेवारीला यादी संपली. 1,846 ओळींतून 1,127 माणसं उरली. मालकांना आकडा सांगितला तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, “म्हणजे सातशे शेतकरी कमी झाले?” त्यांना समजावण्यात अर्धा तास.

3 फेब्रुवारीला नावं डेटाबेसमध्ये उतरवली. शीटमध्ये शीर्षकासकट ओळी निवडून कॉपी केल्या (या वेळी ‘एकूण’ला सोडून), बेसमध्ये टेबलांच्या भागात उजवं क्लिक करून पेस्ट. एक खिडकी येते आणि प्रश्न विचारते. टेबलाचं नाव काय, रचना आणि माहिती दोन्ही हवं का, पहिली ओळ शीर्षकांची आहे का. तिथेच ‘क्रिएट प्रायमरी की’ अशी चौकट असते. तिच्यावर खूण करायला विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले, आणि झालेलं टेबल पुन्हा नुसतं वाचण्यापुरतं. प्रायमरी की म्हणजे प्रत्येक ओळीचा स्वतःचा क्रमांक. तो नसेल तर बेस त्या टेबलात लिहू देत नाही. टेबल पुसून पुन्हा पेस्ट केलं. पुढच्या पानावर रकान्यांचे प्रकार विचारतात, तिथे मोबाइल आणि बँक खातं दोन्ही ‘टेक्स्ट’ करा. त्यांची बेरीज आपल्याला करायची नसते, आणि आकडा म्हणून ठेवले तर पुढचं शून्य गळतं. खाते नंबर नंतर मी वेगळ्याच टेबलात नेले. पट्टी लिहिताना ते पडद्यावर दिसायचं कारण नाही. गादीपाशी दहा माणसं वाकून बघत असतात.

मग पट्टीचं टेबल: तारीख, शेतकऱ्याचा क्रमांक, पोती, वजन, दर, कपाती. शेतकऱ्याचा क्रमांक इथेही पूर्णांकच ठेवला, पहिल्या टेबलात आहे तसाच. फॉर्म विझार्डने, म्हणजे प्रश्न विचारत फॉर्म बनवून देणाऱ्या बेसमधल्या सोयीने, करून दिला. त्यात शेतकऱ्याच्या जागी साधी आकडा लिहायची चौकट आली होती. ती बदलायला गेले तर लेबल आणि चौकट दोन्ही एकदम हलत होती, कारण विझार्ड त्यांची जोडी बांधून ठेवतो. कंट्रोल दाबून क्लिक केलं की एकटी चौकट हाती येते. मग उजवं क्लिक, ‘रिप्लेस विथ’, ‘लिस्ट बॉक्स’.

आता खरी गंमत. लिस्ट बॉक्सच्या गुणधर्मांत ‘डेटा’ नावाच्या पानावर तीन गोष्टी भरायच्या असतात: यादी कुठून आणायची, काय आणायचं, आणि ‘बाउंड फील्ड’. कुठून, तर मी ‘एसक्यूएल’ (डेटाबेसकडून माहिती मागवायची भाषा) निवडलं. काय, तर सिलेक्ट म्हणून दोन रकाने आणि फ्रॉम म्हणून टेबलाचं नाव. रकान्यांची नावं दुहेरी अवतरणांत, आणि लहान-मोठी लिपी टेबलात आहे तशीच. मी साहजिकच आधी क्रमांक लिहिला, मग नाव. वहीत तसंच लिहितो ना. फॉर्म उघडला, यादी खाली ओढली, आणि 1, 2, 3, 4 असे आकडे 1,127 पर्यंत.

नियम असा की पहिला रकाना दिसतो. आणि बाउंड फील्डमध्ये लिहिलेला आकडा सांगतो की साठवायचा कुठला. पण ही मोजणी शून्यापासून. म्हणजे तिथे 1 असेल तर त्याचा अर्थ दुसरा रकाना. तेव्हा आधी नाव, मग क्रमांक, आणि बाउंड फील्ड 1. एवढ्या एका ओळीसाठी मी 4 आणि 5 फेब्रुवारी घालवली.

पुढे मला नावाबरोबर गाव आणि ओळखही दिसायला हवी होती, नाहीतर दोन बाळासो पुन्हा शेजारी शेजारी आणि मी पुन्हा होते तिथेच. तीन रकाने दोन उभ्या रेघा देऊन जोडता येतात, मध्ये एकेरी अवतरणांत स्वल्पविराम. जोडले. यादी उघडली तर नऊशेच्या वर ओळी कोऱ्या! माणसं कुठे गेली? जीव खाली-वर झाला. टेबल उघडून पाहिलं, माणसं जागेवर होती. मग लक्षात आलं की ज्यांची ‘ओळख’ भरलेली आहे तेवढेच दिसतायत. सगळ्यांना ओळख लागत नाही, नावं सारखी असतील तिथेच आम्ही ती लिहिली होती. आणि जोडताना एक जरी रकाना रिकामा असला तर डेटाबेस अख्खी जोडणीच रिकामी धरतो. त्याला ‘कोअलेस’ नावाचं सूत्र आहे: रिकामं असेल तर त्याऐवजी हे धर, असं सांगायचं. मी ‘हे’ म्हणून कोरं अवतरण दिलं आणि सगळी मंडळी परत आली. त्या दिवशी मी घरी जाताना कंदी पेढे घेतले, कारण मुलाने विचारलं तर सांगायला सोपं.

क्रम मी गाव आणि मग नाव असा लावला, म्हणजे एका गावची माणसं एकत्र येतात. काकांची यावर तक्रार आहे. ज्ञानू नावाचे शेतकरी ते यादीच्या तळाशी शोधतात, कारण बाराखडीत ज्ञ शेवटी. कॉम्प्युटरला मात्र ज्ञ म्हणजे ज आणि ञ, त्यामुळे ते ज संपता संपता येतात. क्ष तसाच क मध्ये. ‘ळ’ ह नंतर नाही, ल च्या मागोमाग. “शाळेत कधी गेलाच नाही तुमचा कॉम्प्युटर,” असं ते म्हणाले. मला यावर उत्तर सुचलं नाही.

11 फेब्रुवारीला चाचणी म्हणून 23 पट्ट्या भरल्या आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे तेव्हा कळलं. परत आल्यावर फाइल उघडली, पण 23 पैकी एकही पट्टी नव्हती. फॉर्ममध्ये नोंद सेव्ह केली तरी बेसची मुख्य फाइलही अधूनमधून सेव्ह करावी लागते. सगळा डेटा त्या एकाच फाइलच्या पोटात असतो. आता मी दर पाच-सहा पट्ट्यांनी करते आणि दुपारी निघताना पेनड्राइव्हवर प्रत घेते. बॅटरी 1,150 रुपयांना आली. झेरॉक्सचे 124 धरून दुकानाचा एकूण खर्च 1,274. मालकांनी बिल पाहून एवढंच विचारलं, “आणि ते अठरा हजारवालं काय होतं मग?”

17 फेब्रुवारीपासून खऱ्या पट्ट्या त्यावर लिहायला लागले. पहिल्या दिवशी एक नवा शेतकरी आला, त्याचं नाव टेबलात घातलं, पण लिस्ट बॉक्समध्ये येईना. फॉर्म उघडताना जी यादी भरली जाते तीच तो धरून बसतो. फॉर्मच्या खालच्या टूलबारवर ‘रिफ्रेश कंट्रोल’ नावाचं बटण आहे. आधी त्या चौकटीत क्लिक करायचं, मग ते दाबायचं. फॉर्म बंद करून उघडला तरी चालतं, पण गर्दीत तेवढा वेळ नसतो.

सगळं सुरळीत आहे असं नाही. हजारावर नावांची यादी माउसने सरकवणं कंटाळवाणंच आहे. आधी गाव निवडलं की पुढे फक्त त्या गावची नावं यावीत, असं करता येतं. त्याला वेगळं एक टेबल आणि सबफॉर्म, म्हणजे फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म, लागतो. ते पावसाळ्यात करीन, दुकान निवांत असतं तेव्हा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाळासो आले. तेच, लग्नघरचे. बारा पोती राजापुरी हळद. सौदा झाल्यावर गादीपाशी आले, मी यादी खाली ओढली आणि पडदा मुद्दाम त्यांच्याकडे वळवून दाखवलं की हे बघा, आता तुमची वेगळी ओळ आहे. त्यांनी पुढे वाकून बोट ठेवून वाचलं. हळदीचा पिवळा ठसा काचेवर उमटला.

“विहिरीकडचे?” म्हणाले. “ताई, विहीर दोन साल झाली बुजवून. आता बोअर हाय तिथं.”

मी काकांकडे बघितलं. काका रस्त्याकडे बघत होते. टेबल उघडलं, ‘बोअरकडचे’ केलं आणि रिफ्रेश कंट्रोल दाबलं.